थेंब टाकण्याआधी पाहा: मोतीबिंदूच्या ऑपरेशनपूर्वी सैल झोन्यूल कसे ओळखावेत

मोतीबिंदूच्या ओपीडीत एक सवय इतकी मुरली आहे की ती कुणाला खटकतही नाही. पेशंट केसपेपर काढतो, चष्म्याचा नंबर तपासून होतो आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधीच, बाहेरच्या बाकावर बसल्याबसल्या, त्याच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब पडतात. गर्दी लवकर हलते, हे खरं. पण भिंगाचा आधार कमकुवत आहे की नाही हे सांगणाऱ्या काही सगळ्यात बोलक्या खुणा त्याच थेंबांनी झाकल्या जातात. मग त्या कळतात थेट टेबलावर, रेक्सिस करताना, म्हणजे भिंगाच्या पिशवीला पुढून गोल छेद घेताना, आणि तोवर पर्याय कमी झालेले असतात.

हा लेख नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या नेत्रतज्ज्ञांसाठी, रेसिडेंट डॉक्टरांसाठी आणि गावोगावच्या शिबिरांत पहिली तपासणी करणाऱ्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांसाठी आहे. पेशंटच्या घरच्यांना उपयोगी पडेल असंही त्यात थोडं आहे.

मुळात सैल काय होतं

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग एका पातळ पिशवीत असतं. तिचं नाव कॅप्सूल; सर्जन तिला नुसतं ‘बॅग’ म्हणतात. ही बॅग चहूबाजूंनी सिलिअरी बॉडीला, म्हणजे आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) मागच्या स्नायूच्या कड्याला, बारीक तंतूंनी टांगलेली असते. हे तंतू म्हणजे झोन्यूल, मुख्यतः फायब्रिलिन या प्रथिनाचे बनलेले. अठराव्या शतकातले जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान गॉटफ्रीड झिन यांच्या नावाने ते ओळखले जातात. बाजेच्या एका बाजूच्या दोऱ्या तुटल्या की उरलेल्या दोऱ्यांवर जास्त भार येतो आणि बाज एकीकडे झुकते, तसंच इथे होतं. काही तास-रेषांमधले, म्हणजे डोळा घड्याळाची तबकडी मानला तर काही आकड्यांच्या भागातले, झोन्यूल गेले की बॅग दुसऱ्या बाजूला ओढली जाते. सगळेच थोडे थोडे सैल असतील तर भिंग मध्यावरच राहतं, पण डोळा हलला की थरथरतं.

दोन्ही प्रकार वेगळे आहेत आणि त्यांचं नियोजनही वेगळं. मार लागलेल्या डोळ्यात बहुतेक वेळा एका भागाचे झोन्यूल तुटतात, बाकीचे धडधाकट असतात. स्यूडोएक्सफोलिएशनमध्ये, म्हणजे भिंगावर आणि आयरिसवर कोंड्यासारखे कण साठण्याच्या आजारात, चहूबाजूंनी ढिलाई येते आणि ती वर्षांगणिक वाढत जाते. पहिला प्रकार दिसायला भयंकर असतो, दुसरा फसवा. माझ्या मते दुसऱ्याला जास्त भ्यावं.

पहिली पायरी: पेशंटला बोलतं करा

“डोळ्याला कधी मार लागला होता का?” असं विचारलं की दहापैकी नऊ जण “नाही” म्हणतात. खोटं बोलतात असं नाही. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांच्या लेखी ‘मार’ नसतेच. म्हणून प्रश्न फोडून विचारावा. “काका, लहानपणी विटी लागली होती का डोळ्याला? बैलाचं शिंग? लाकूड फोडताना ढलपी उडाली? क्रिकेटचा बॉल, फटाका, कुणाचा ठोसा?” विटी-दांडूच्या पिढीतला माणूस अशा वेळी हमखास थबकतो आणि म्हणतो, “हां, विटी लागलेली एकदा, पण ते बरं झालं होतं.” तेवढं वाक्य पुरे. एकाच डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसरा जवळपास स्वच्छ आहे आणि वय पन्नाशीच्या आत आहे, अशा पेशंटच्या “नाही”वर तर एकदम विश्वास ठेवू नये.

नजरेच्या तक्रारींतही धागे असतात. एका डोळ्याने बघताना एकाची दोन दिसतात का? चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो का? मोतीबिंदू पिकताना मायनस नंबर वाढतो ते ठीक, पण एकाच डोळ्यात अचानक मोठा मायनस किंवा मोठा सिलिंड्रिकल नंबर आला, तर भिंग पुढे सरकलंय किंवा तिरकं झालंय का हा विचार यायला हवा.

त्यानंतर आधीच्या उपचारांची चौकशी. पडद्याचं ऑपरेशन झालं आहे का, काचबिंदूचं झालं आहे का, डोळ्यात वारंवार इंजेक्शनं घेतली आहेत का? मोठा मायनस नंबर आणि रेटिनायटिस पिगमेंटोजामुळे येणारा रातांधळेपणा, हेही विचारावं; या दोन्हींत झोन्यूल कमकुवत असण्याची शक्यता वाढते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे का हे इथेच लिहून ठेवा. त्याचा झोन्यूलशी संबंध नाही, पण त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी आयरिस लुळी पडून फडफडते आणि टेबलावर दोन्हींची गल्लत होऊ शकते.

पेशंट तरुण असेल आणि भिंग सरकलेलं असेल तर त्याच्याकडे डोळ्यापलीकडेही पाहा. अंगकाठी उंच, बोटं लांबसडक, घरातल्या कुणाला हृदयाचा त्रास: मार्फान सिंड्रोमची शंका घ्या आणि ऑपरेशनच्या आधी फिजिशियनकडून हृदयाची तपासणी करून घ्या. मार्फानमध्ये भिंग बहुधा वर आणि कानाकडे सरकतं. होमोसिस्टिन्युरियात ते बहुधा खाली आणि नाकाकडे. होमोसिस्टिन्युरियात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, विशेषतः पूर्ण भूल देताना, म्हणून भूलतज्ज्ञाला हे आधी कळलंच पाहिजे. तिसरा आजार वाइल-मार्केसानी: बुटकी अंगकाठी, आखूड बोटं आणि लहानसं गोलसर भिंग.

दुसरी पायरी: थेंबांआधीची दोन मिनिटं

सगळ्या लेखातली हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे.

थेंब पडले की सिलिअरी स्नायू सैलावतो, उरलेले झोन्यूल ताणले जातात आणि भिंगाची थरथर दबते. आयरिसही कडेला गोळा होऊन स्थिर होते. म्हणून फेकोडोनेसिस, म्हणजे भिंगाचं थरथरणं, आणि इरिडोडोनेसिस, म्हणजे आयरिसचं थरथरणं, या दोन्ही गोष्टी बाहुली लहान असतानाच बघायच्या.

पेशंटला स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणीच्या मायक्रोस्कोपवर, नीट बसवा. कपाळ पट्टीला टेकलेलं हवं, नाहीतर डोक्याची हालचाल भिंगाची वाटते. आधी कमी मॅग्निफिकेशन ठेवा, बारीक तिरकी स्लिट घ्या. आपल्याला सवय असते “हलू नका, समोर बघा” म्हणायची. इथे उलट हवं. “माझ्या कानाकडे बघा. आता समोर. आता दुसऱ्या कानाकडे. परत समोर.” डोळा समोर येऊन थांबतो त्या क्षणी आयरिस आणि भिंग थांबतात का, की क्षणभर लटपटतात? नजर नेमकी त्या थांबण्यावर ठेवायची. आयरिसच्या कडेला बघितलं तर तिची लाट दिसते. भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावरचं प्रकाशाचं प्रतिबिंब पाहिलं तर ते थरथरताना दिसतं. शंका राहिली तर टेबलाच्या कडेवर बोटाने हलकी टिचकी मारा. आणि नेहमी दुसऱ्या डोळ्याशी तुलना करा. व्हिट्रेक्टॉमी (डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा व्हिट्रियस काढण्याचं ऑपरेशन) झालेल्या किंवा मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यात आयरिस एरवीही थोडी हलू शकते. मोतीबिंदू अति पिकून भिंग आकसलं असेल तरी आयरिसचा टेकू सुटतो आणि ती थरथरते, पण अशा डोळ्यात झोन्यूलही सैल असण्याची शक्यता असल्यामुळे तो दिलासा मानू नये.

याच दोन मिनिटांत पुढच्या कप्प्याची, म्हणजे कॉर्निया आणि आयरिस-भिंग यांच्यामधल्या जागेची, खोली पाहून घ्या. कप्पा उथळ असणं किंवा खोल असणं यापेक्षा दोन डोळ्यांतला फरक जास्त बोलका असतो. भिंग पुढे आलं तर कप्पा उथळ होतो, मागे गेलं तर खोल. एका डोळ्यात काचबिंदूचा झटका येऊन कोन (कॉर्निया आणि आयरिस मिळतात ती जागा, जिथून डोळ्यातलं पाणी बाहेर जातं) बंद झालाय आणि दुसऱ्याचा कोन चांगला उघडा आहे, असं दिसलं तर मामला साध्या अँगल क्लोजरचा नाही असं धरून चाला. एकाच बाजूला फुगलेला पांढरा मोतीबिंदूही कप्पा उथळ करतो, ते वेगळं. बाहुलीच्या कडेला बारकाईने बघा: आयरिस आणि भिंग यांच्यामध्ये एखाद्या भागात फट दिसते का? आयरिसच्या मुळाशी फाटलेलं आहे का, बाहुलीची कड कुठे तुटक आहे का? हे जुन्या माराचे पुरावे. पुढच्या कप्प्यात व्हिट्रियसचा धागा दिसला तर झोन्यूल तुटल्याची खात्रीच समजा.

स्यूडोएक्सफोलिएशनची सुरुवातही इथेच होते. बाहुलीच्या कडेवर कोंड्यासारखे पांढरट कण आणि कडेचा तपकिरी पट्टा झिजलेला. फिनलंडच्या जॉन लिंडबर्ग यांनी १९१७ मध्ये हे कण पहिल्यांदा नोंदवले, आणि आजही ते नजरेतून निसटतात, कारण आपण बाहुलीच्या आरपार बघतो, तिच्या कडेवर थांबत नाही. दाब मोजून ठेवा. शक्य असेल तर गोनिओस्कोपी, म्हणजे खास लेन्स लावून कोनाची तपासणी, करा: कोनात जास्त गडद पिगमेंट दिसलं तर ते स्यूडोएक्सफोलिएशनच्या बाजूने बोलतं, आणि कोन एकीकडे मागे गेलेला, म्हणजे अँगल रिसेशन, दिसला तर तो माराच्या बाजूने.

तिसरी पायरी: आता थेंब टाका

बाहुली किती उघडते ही स्वतःच एक खूण आहे. स्यूडोएक्सफोलिएशनमध्ये ती बऱ्याचदा अर्धवटच उघडते. उघडल्यावर भिंगाच्या पुढच्या कॅप्सूलवर मधोमध एक फिकट पांढरी चकती, मग एक स्वच्छ वर्तुळ आणि त्याबाहेर पुन्हा पांढरा दाणेदार पट्टा दिसतो. आयरिस पुढेमागे घासून मधलं वर्तुळ साफ होतं. बाहुली मोठी केल्याशिवाय बाहेरचा पट्टा दिसतच नाही, म्हणजे थेंबांआधी बघणं पुरेसं नाही, नंतरही बघायला हवं. एका डोळ्यात कण दिसले की दुसऱ्यातही शोधा; सुरुवातीला एकच डोळा बाधित वाटतो.

मग रेट्रो-इल्युमिनेशन. पडद्यावरून परतणाऱ्या तांबूस प्रकाशात भिंगाची कड शोधा आणि पेशंटला चारही दिशांना बघायला सांगा. सुदृढ डोळ्यात भिंगाची कड सहसा दिसत नाही. ती दिसली, किंवा एखाद्या भागात गोल असण्याऐवजी सपाट किंवा खाचेसारखी दिसली, तर तिथले झोन्यूल गेलेत. किती तास-रेषा? घड्याळाच्या आकड्यांत लिहा: “२ ते ५ वाजेपर्यंत.” न्यूक्लियस, म्हणजे भिंगाचा कठीण गाभा, बाहुलीच्या मध्यावर आहे की सरकलाय, हेही नोंदवा.

पांढऱ्या पिकलेल्या मोतीबिंदूत मागचं काहीच दिसत नाही. तिथे बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, करा. पडदा सुटलेला नाही ना हे तर कळतंच, शिवाय जुन्या माराच्या खुणाही सापडतात. मॉर्गानियन मोतीबिंदूत, म्हणजे बाहेरचा भाग दुधासारखा होऊन तपकिरी न्यूक्लियस खाली बसला असेल तेव्हा, झोन्यूल कमकुवत धरूनच पुढे जावं.

मशीनला काय विचारायचं

बायोमेट्रीच्या, म्हणजे बसवायच्या लेन्ससाठी डोळ्याची मापं घेण्याच्या, कागदावर आपण फक्त लेन्सची पॉवर बघतो. त्याच कागदावर दोन्ही डोळ्यांची पुढच्या कप्प्याची खोली आणि भिंगाची जाडी छापलेली असते. ती शेजारी शेजारी लावून बघा. दोन डोळ्यांत ०.२-०.३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल आणि भिंगाच्या जाडीने तो समजत नसेल तर परत स्लिट लॅम्पकडे जा. स्यूडोएक्सफोलिएशनच्या डोळ्यात खोली २.५ मिमीपेक्षा कमी असेल तर ऑपरेशनमध्ये झोन्यूलच्या अडचणी येण्याचं प्रमाण लक्षणीयरीत्या वाढतं, हे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासातून पुढे आलं आणि तेव्हापासून अनेक सर्जन हा आकडा मनात ठेवतात. यासाठी वेगळा खर्च नाही, वेगळा वेळ नाही.

स्वेप्ट-सोर्स प्रकारचं बायोमेट्री मशीन असेल तर भिंगाचा तिरकेपणा चित्रातच दिसतो. झोन्यूल प्रत्यक्ष बघायचे असतील तर यूबीएम लागतं, म्हणजे साधारण ५० मेगाहर्ट्झची सोनोग्राफी. प्रकाशाने चित्र घेणाऱ्या ओसीटी मशीनचा प्रकाश आयरिसच्या पिगमेंटपलीकडे जात नाही, यूबीएमच्या ध्वनिलहरी जातात. प्रत्येक पेशंटला यूबीएमसाठी मोठ्या शहरात पाठवायची गरज नाही. मार लागलेला डोळा, बाहुली न उघडणारा डोळा आणि ज्याचं नियोजन त्या एका उत्तरावर अवलंबून आहे तो डोळा, एवढ्यांसाठी पाठवावं.

कागदावर उतरवा, आणि ठरवा

शिबिरांत तपासणारा एक, ऑपरेशन करणारा दुसरा. पेशंट गावात सोमवारी तपासला जातो आणि दोन दिवसांनी बेस हॉस्पिटलमध्ये टेबलावर येतो. मधला दुवा फक्त केसपेपर. म्हणून तिथे “कॅटरॅक्ट, ॲडव्हाइज सर्जरी” एवढंच लिहून चालत नाही. “थेंबांआधी फेकोडोनेसिस: आहे/नाही. बाहुलीच्या कडेवर कण: आहेत/नाहीत. मार: होय, विटी, लहानपणी.” ही ओळ लाल पेनाने लिहा. रबरी शिक्काच करून घेतला तर विसरायला वाव राहत नाही.

नियोजन साधारण असं होतं. फक्त शंका आहे, थरथर नाही, किंवा स्यूडोएक्सफोलिएशन आहे पण बाहुली बरी उघडते: अनुभवी सर्जनच्या यादीत टाका, सीटीआर, म्हणजे बॅगच्या आत बसणारी रिंग, हाताशी ठेवा. तीन-चार तास-रेषांपर्यंत झोन्यूल गेलेत: साधी सीटीआर बहुधा पुरते, बॅग धरायला कॅप्सूल हुक तयार हवेत. त्याहून जास्त गेलेत किंवा ढिलाई वाढत जाणारी आहे: शिवून बसवायची सुधारित रिंग, जी रॉबर्ट सिओनी यांनी १९९८ मध्ये पुढे आणली, किंवा कॅप्सूल टेन्शन सेगमेंट. अर्ध्याहून जास्त आधार गेलाय, भिंग समोर बघतानाही सरकलेलं दिसतंय: हे काम तालुक्याच्या थिएटरमध्ये एकट्याने करू नये. पडद्याचे सर्जन जवळ असतील अशा ठिकाणी पाठवा. त्यात कमीपणा नाही.

रिंगबद्दल दोन गोष्टी. तिची कल्पना जपानमध्ये १९९१ च्या सुमारास मांडली गेली, आणि ती झोन्यूलची जागा घेत नाही. उरलेल्या झोन्यूलवर भार वाटून देते, एवढंच. त्यामुळे ढिलाई वाढतच राहिली तर रिंगसकट सगळी बॅग सरकू शकते. दुसरं, रेक्सिस अखंड नसेल किंवा मागची कॅप्सूल फाटलेली असेल तर ती बसवायची नाही. रिंग रोज लागत नाही म्हणून कपाटात पडून राहते; यादी ठरवताना तिची एक्स्पायरी बघा.

लेन्सही आधी ठरवा. सैल झोन्यूलच्या डोळ्यात मल्टिफोकल (दूर-जवळ दोन्ही दाखवणाऱ्या) किंवा टोरिक (सिलिंड्रिकल नंबर घालवणाऱ्या) लेन्सचा आग्रह धरू नये. बॅग थोडी जरी सरकली तरी त्यांचा फायदा निघून जातो. तीन-तुकडी लेन्स आणि स्क्लेरल फिक्सेशनची, म्हणजे लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला अडकवण्याची, तयारी टेबलाजवळ असू द्या. एसआयसीएस, म्हणजे छोट्या छेदातून न्यूक्लियस अखंड बाहेर काढण्याचं ऑपरेशन, करणार असाल तर लक्षात ठेवा की छोट्या रेक्सिसमधून मोठा न्यूक्लियस ओढताना सगळा ताण झोन्यूलवरच येतो. तिथे रेक्सिस मोठा ठेवा किंवा कडेला सैल करणारे छेद घ्या, आणि असे छेद घेतले की साध्या रिंगचा मार्ग बंद झाला हेही गृहीत धरा.

टेबलावरची शेवटची तपासणी

ओपीडीत काहीच सापडलं नाही तरी रेक्सिसची सुरुवात ही आणखी एक संधी असते. सिस्टोटोम, म्हणजे कॅप्सूल उघडायची सुई, टेकवल्यावर कॅप्सूल सहज न फुटता आत दबते, टोचलेल्या जागेपासून किरणांसारख्या सुरकुत्या पसरतात, फ्लॅप ओढला की कॅप्सूलबरोबर सगळं भिंगच सरकतं: यांपैकी काहीही दिसलं तर थांबा. सलाईनची बाटली खाली घ्या, व्हिस्कोइलॅस्टिक (जागा धरून ठेवणारं जेल) भरा, आणि न्यूक्लियस फिरवायला जाण्याआधी हायड्रोडिसेक्शन (पाण्याच्या धारेने भिंग कॅप्सूलपासून सुटं करणं) शांतपणे, पूर्ण करा. फिरवताना अडकतोय म्हणून जोर लावायचा नाही. हुक लागणार असतील तर आत्ताच लावा, न्यूक्लियस अर्धा फुटल्यावर नाही.

पेशंटला आणि घरच्यांना काय सांगावं

आधी सांगितलं तर ती माहिती ठरते. ऑपरेशननंतर सांगितलं तर बहाणा वाटतो. मी साधारण असं बोलते: “आजी, तुमच्या डोळ्यातलं भिंग ज्या तंतूंनी धरून ठेवलंय ते सैल आहेत. त्यामुळे ऑपरेशनला जास्त वेळ लागेल. आत एक रिंग बसवावी लागेल, कदाचित लेन्स टाके घालून बसवावी लागेल, आणि क्वचित लेन्स नंतर दुसऱ्या वेळी बसवावी लागेल.” हे ऐकताना मुलगा किंवा सून शेजारी असावी. संमतीपत्रावरही हेच लिहिलेलं असावं, छापील मजकुरात हरवलेलं नाही.

घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. आईवडिलांच्या डोळ्याला पूर्वी मार लागला असेल तर तो डॉक्टरांना आपणहून सांगावा. त्यांना तो सांगण्यासारखा वाटत नाही. आणि चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर आणाव्यात, प्रोस्टेटच्या गोळीसकट.

ऑपरेशन उत्तम झालं तरी स्यूडोएक्सफोलिएशनचा पेशंट सुटत नाही. बॅग आकसते, झोन्यूल आणखी थकतात आणि काही डोळ्यांत अनेक वर्षांनी, सगळं ठीक असताना, लेन्स बॅगसकट खाली सरकते. दाबही वाढू शकतो, म्हणून दरवर्षी दाब मोजायला बोलवा. डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या: नजर अचानक बदलली, एकाची दोन दिसू लागली किंवा लेन्सची कड चमकताना दिसली तर लगेच यावं. आणि दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख देताना त्याच कार्डावर नर्ससाठी एक ओळ टाका: थेंब टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवणे.